वादपत्रातील दुरुस्ती आणि खर्चाचा प्रश्न

राजगड-तोरण्याच्या परिसरातील विंझरसारख्या गावांत भातखाचरांच्या शेजारी भूखंड पडू लागले की, विकासाच्या अर्जांबरोबर दावेही येतात. एखादा गट क्रमांक चुकला किंवा सहधारकाचे नाव राहून गेले, तर पुढे ती चूक सुधारता येते काय?

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खालील अर्जातील चूक नियोजन प्राधिकरणापुढेच सुधारून घ्यावयाची असते. दिवाणी न्यायालय दुरुस्तीस परवानगी देते ती वादपत्रापुरती. या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते.

वादपत्राच्या दुरुस्तीचा दंडक मुंबई उच्च न्यायालयाने १९०९ मध्ये किसनदास रूपचंद विरुद्ध रचाप्पा विठोबा या प्रकरणी सांगितला. वादाचा खरा प्रश्न निकालात काढण्यास दुरुस्ती आवश्यक असावी आणि तिने प्रतिपक्षावर अन्याय होऊ नये. पिरगोंडा पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तोच उचलून धरला. प्रतिपक्षाची हानी पैशाने भरून निघण्याजोगी असेल, तर न्यायालय खर्च बसवून दुरुस्ती मंजूर करते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-ब खाली विलंबाबद्दल बसविलेला खर्च मात्र पुढील तारखेस न भरल्यास, त्या पक्षास पुढे दावा वा बचाव चालविता येत नाही. ही अट पक्षकारांस सहसा उशिरा कळते.

शिवाय २००२ च्या सुधारणेनंतर, सुनावणीस प्रारंभ झाल्यावर दुरुस्ती मागणाऱ्यास, योग्य दक्षता घेऊनही ती बाब आधी मांडता आली नसती, असे न्यायालयास पटवून द्यावे लागते. परवानगी मिळाल्यावर, आदेशात मुदत नसल्यास, दुरुस्ती १४ दिवसांत करावी लागते.