विभागणीनंतर अडलेला संगणक

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदत असताना हार्ड डिस्कचे विभाग, म्हणजे पार्टिशन, नव्याने आखले, तर कधीकधी संगणक सुरूच होत नाही आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ ही अक्षरे उमटतात. मात्र त्यामुळे साठवलेली माहिती नष्ट झाली असे समजण्याचे कारण नसते. ग्रब हा बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम होय. जुन्या बायॉस पद्धतीत त्याचा पहिला अंश डिस्कच्या आरंभीच्या 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये, तर बऱ्याचशा फाइली लिनक्सच्या विभागात असतात. त्या विभागाचा क्रमांक बदलला किंवा तो पुसला गेला, की दोहोंतील दुवा तुटतो.

अशा वेळी घाईने फॉरमॅट करू नये, कारण खरी हानी त्यातूनच होते. लिनक्सचा विभाग शाबूत असल्यास पेन ड्राइव्हवरील लाइव्ह लिनक्सने, म्हणजे डिस्कवर न बसवता चालणाऱ्या प्रणालीने, संगणक सुरू करून ग्रब पुन्हा बसवावा; विभाग काढून टाकला असल्यास विंडोजच्या दुरुस्ती-डिस्कवरून बूट सेक्टर नव्याने लिहावा. यूईएफआय पद्धतीच्या नव्या संगणकांत बूटलोडर एका छोट्या स्वतंत्र विभागात असतो, म्हणून तो विभाग निरुपयोगी समजून पुसू नये. विभागणीपूर्वी घेतलेला बॅकअप हाच सर्वांत भरवशाचा आधार होय.