पॅडेलसाठी स्पेन: ऐकीव गोष्टी आणि प्रत्यक्ष

‘टेनिस येतं, मग पॅडेल वेगळं काय शिकायचं?’ स्पेनची सहल आखताना हा समज हमखास आड येतो. पॅडेल या चौघांनी खेळायच्या रॅकेटच्या खेळाचं कोर्ट २० मीटर लांब, १० मीटर रुंद, आणि चहूबाजूंनी काच व जाळीनं बंदिस्त. टेनिसवाला सवयीनं दणदणीत स्मॅश मारतो. चेंडू टप्पा घेऊन मागच्या काचेवर आदळतो आणि प्रतिस्पर्ध्याला निवांत मारता येईल असा परत येतो. समोरून आलेला खोल चेंडू तो घाईनं अर्ध्यावरच मारायला जातो. खरं तर तो चेंडू काचेपर्यंत जाऊ द्यायचा, वाट पाहायची आणि काचेवरून परतताना घ्यायचा. हा धीर अंगी बाणायला वेळ लागतो, म्हणून सुट्टीच्या सुरुवातीचे दिवस प्रशिक्षकासाठी राखून ठेवावेत. सामने मग खेळता येतातच.

हा खेळ स्पेनचा, हेही पूर्ण खरं नाही. १९६९ मध्ये एन्रिके कोर्कुएरा यांनी मेक्सिकोतल्या अकापुल्कोला आपल्या घरी पहिलं कोर्ट बांधलं. आल्फोन्सो दे होहेन्लोहे यांनी १९७४ मध्ये तो मार्बेयाला आणला आणि तिथून तो स्पेनभर पसरला. पण म्हणून मार्बेयातल्या महागड्या रिसॉर्टमध्येच उतरायला हवं असं अजिबात नाही. स्पेनमध्ये लहान गावांच्या नगरपालिकांच्या क्रीडासंकुलांतही पॅडेल कोर्ट असतात. कोर्ट साधारण दीड तासासाठी मिळतं आणि भाडं चौघांत वाटलं जातं.

चौघं मित्र एकत्र गेले की प्रश्न मिटला, असंही वाटतं. मला हाच समज सर्वांत घातक वाटतो. चौघांची पातळी वेगवेगळी असेल तर तिसऱ्या दिवसापर्यंत दोघं कंटाळतात आणि दोघं हिरमुसतात. त्यापेक्षा प्लेटोमिकसारख्या ॲपवर आपल्या पातळीचे स्थानिक जोडीदार शोधावेत. तिथं स्वतःची पातळी नोंदवताना फुगवू नये. उरलेल्या तिघांचा दीड तास त्यावर अवलंबून असतो.

तिथल्या उन्हाळ्यात जाणं सोयीचं वाटतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हियाचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. समुद्रकाठचं मालागा त्या मानानं बरं, तरी दुपारी काचेच्या पेटीत उभं राहवत नाही. उन्हात चेंडूही जास्त उसळतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. संध्याकाळी कामावरून सुटलेले स्थानिक लोक कोर्ट भरून टाकतात, त्यामुळे सकाळची वेळ धरावी.

राहता राहिला विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून पॉलिसी काढली की काम झालं असं समजतात. खेळताना घोटा मुरगळला तर खर्च मिळेल का, हे मात्र वगळलेल्या बाबींच्या यादीत वाचावं लागतं. शंका असेल तर विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे हे सगळं वाचायला सवड असते.