परदेश प्रवासाची पूर्वसूचना : संवेदनशील पदावरील कर्मचाऱ्यांची जबाबदारी

यशवंतपूर (बेंगळुरू) : मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणे किंवा सुटीत कुटुंबासह सिंगापूर पाहणे ही आता अनेक मध्यमवर्गीय घरांतील नित्याची बाब झाली आहे. मात्र संरक्षण, अंतराळ अथवा अणुऊर्जा क्षेत्रातील आस्थापनेत काम करणाऱ्यास केवळ तिकीट काढून विमानात बसता येत नाही. प्रवासाची माहिती कार्यालयाला आधी देणे हा त्याच्या सेवेतील कर्तव्याचाच भाग असतो.

यशवंतपूरच्या आसपासचा बेंगळुरूचा वायव्य भाग अशा संस्थांनी व्यापलेला आहे. जालहळ्ळीत भारत इलेक्ट्रॉनिक्स, पीण्यात इस्रोचे उपग्रह मागोवा व नियंत्रण केंद्र, तर न्यू बीईएल मार्गावर इस्रोचे मुख्यालय आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने पुणे व नवी मुंबई येथेही असल्याने हा विषय महाराष्ट्रातील वाचकांनाही तितकाच जवळचा आहे.

परवानगी कोणती?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यास खासगी परदेश दौऱ्यासाठी रजेबरोबरच सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. कोणत्या देशात, किती दिवस, कशासाठी आणि कोणाच्या खर्चाने जायचे, हे अर्जात नमूद करावे लागते. कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या जुलै २०१५ च्या आदेशानुसार अर्जावर २१ दिवसांत निर्णय कळविणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास परवानगी मिळाली असे कर्मचारी गृहीत धरू शकतो. सार्वजनिक उपक्रमांचे आचारनियम स्वतंत्र असतात आणि संवेदनशील आस्थापनांचे अंतर्गत आदेश अधिक कडक असू शकतात. त्यामुळे मुदत संपली म्हणून निघण्यापूर्वी आस्थापना शाखेकडून लेखी खातरजमा करून घेणे श्रेयस्कर ठरते. सरकारी कामासाठी मिळालेले पांढऱ्या मुखपृष्ठाचे पारपत्र खासगी दौऱ्यासाठी वापरता येत नाही.

पाहुणचाराचाही हिशेब

प्रवासखर्च परदेशी संस्था किंवा व्यक्ती करणार असेल, तर विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० चे कलम ६ लागू होते. सरकारी कर्मचारी तसेच सरकारी मालकीच्या महामंडळांचे कर्मचारी यांना केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय परदेशी पाहुणचार स्वीकारता येत नाही. प्रवासाचा खर्च, मोफत निवास, भोजन, वाहन वा औषधोपचार या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. अर्ज सर्वसाधारणपणे प्रयाणाच्या दोन आठवडे आधी गृह मंत्रालयाकडे पोहोचला पाहिजे. परदेशात अचानक आजार उद्भवून तातडीचे उपचार घ्यावे लागल्यास पूर्वपरवानगीची अट नाही. मात्र त्याची माहिती एका महिन्यात द्यावी लागते. यजमान नातेवाइकाने परदेशी नागरिकत्व घेतले असल्यास, ते अर्जात स्पष्ट लिहून कार्यालयाचा अभिप्राय आधीच घेणे हिताचे असते.

अमेरिकेतील नियम

अमेरिकेत सुरक्षा मंजुरी असलेल्यांसाठी जून २०१७ पासून लागू झालेल्या निर्देशानुसार खासगी परदेश प्रवासही आधी कळवावा लागतो. कॅनडा किंवा मेक्सिकोला आयत्या वेळी एका दिवसासाठी जाऊन आल्यास परतल्यावर पाच कामकाजी दिवसांत माहिती देण्याची मुभा आहे. तेथे नागरिकत्व घेऊन संरक्षण प्रकल्पांवर काम करणाऱ्या मराठी अभियंत्याला पुण्यातील आईवडिलांना भेटायला येतानाही ही नोंद करावी लागते, कारण त्या कायद्याच्या दृष्टीने भारत हा परदेश असतो.

नोंद कोणाच्या हिताची?

शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ च्या कलम ४ मध्ये या प्रश्नाचे गांभीर्य दिसते. परदेशी हस्तकाच्या पत्त्यावर जाणे किंवा त्याचे नाव-पत्ता जवळ सापडणे एवढ्यावरूनही, उलट सिद्ध होईपर्यंत, त्याच्याशी संपर्क होता असे मानले जाऊ शकते. अशा वेळी आपली भेट निर्दोष होती हे दाखविण्याचा भार कर्मचाऱ्यावरच येऊन पडतो.

परदेशी व्यक्तींशी असलेल्या संपर्काभोवतीचा संशय किती दूरवर जाऊ शकतो, हे १९९४ च्या इस्रो हेरगिरी प्रकरणाने दाखविले. मालदीवच्या दोन महिलांमार्फत गुपिते बाहेर गेल्याचा आरोप ठेवून शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अटक झाली. रशियाच्या ग्लावकॉसमॉस कंपनीचे भारतातील प्रतिनिधी, बेंगळुरूचे के. चंद्रशेखर हेही त्यात गोवले गेले. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९६ मध्ये आरोप निराधार ठरविले. पुढे १४ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नारायणन यांना ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोपर्यंत २४ वर्षे उलटली होती.

प्रवासाच्या अर्जाने असा अन्याय हमखास टळतो असे नाही. तरीही चौकशी सुरू झाली तर कोठे गेलो, कोणाला भेटलो आणि पैसे कोणी दिले, याचे घटनेपूर्वीचे, तारखेसह नोंदलेले उत्तर हाच प्रामाणिक कर्मचाऱ्याचा पहिला पुरावा असतो. म्हणून अर्जाची व परवानगीची प्रत, तिकिटे आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. दौऱ्यात कोणी कामाविषयी अवाजवी चौकशी केली, तर परतताच सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवावे.