बापलेक, एकाच गळ्याचे!

बालनाट्य आणि बाहुल्या आवडणाऱ्यांनी चेक देशातली स्पेब्ल-हुर्वीनेक ही जोडी बघायलाच हवी. स्पेब्ल म्हणजे टकलू, मोठ्या कानांचा, स्वतःला फार शहाणा समजणारा बाप. हुर्वीनेक हा त्याचा चौकस, आगाऊ पोरगा. बापाची उत्तरं लेकाच्या प्रश्नांपुढे टिकत नाहीत, सगळी गंमत त्यातच.

प्ल्झेन शहरातल्या योसेफ स्कुपांनी 1920 मध्ये स्पेब्ल रंगमंचावर आणला. 1926 मध्ये हुर्वीनेक आला. दोघांचेही आवाज स्कुपाच काढायचे! बापासाठी खर्ज आणि पोरासाठी चिरका आवाज, तोही भरभर चाललेल्या संवादात. मला तर ही कमाल वाटते. पुढे मिलोश किर्शनर यांनीही दोन्ही आवाज एकट्यानेच सांभाळले.

बाहुल्या लाकडी, आपल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांसारख्या वरून दोऱ्यांनी हलणाऱ्या. स्पेब्लच्या अंगात झोकदार काळा कोट आणि पायात मात्र लाकडी खडावा! हुर्वीनेकचे बटबटीत डोळे गरागरा फिरतात. तोंड न हलताही तो बोलतोय असंच वाटतं, कारण नेमक्या शब्दावर मान वळते, हात उडतो.

नाझींनी 1944 मध्ये स्कुपांना तुरुंगात टाकलं. युद्धानंतर त्यांनी प्रागमध्ये पुन्हा रंगमंच उभारला आणि तो आजही चालू आहे. चेक-स्लोव्हाक बाहुलीनाट्याला 2016 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं.

यूट्यूबवर शोधा आणि मुलांना सोबत घेऊन बघा. भाषा कळली नाही तरी हसू येतंच.