जसा खेळ, तशी भरती

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवलेले बरे. तेथला चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांस निमुळता. गडी तो हातात घेऊन धावतो किंवा पुढच्या गड्याकडे फेकतो. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करायचा. हे दहा यार्ड कोणी धावून कापतो, तर कोणी चेंडू फेकून. प्रत्येक संघाची याबाबतीत एक धाटणी ठरलेली असते.

ही धाटणी मैदानापुरतीच राहिली असती, तर आमच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु तिचा संबंध सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाशी येतो. तेथील मोठी विद्यापीठे उत्तम खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. फी, राहणे, जेवणखाण सारे तीत येते. बेताच्या मिळकतीच्या घरातील मुलाला उच्च शिक्षणाचे दार कित्येकदा याच चेंडूने उघडते. म्हणून विद्यापीठांचे प्रशिक्षक गावोगाव हिंडतात, मुलाच्या घरी जाऊन आईबापांशी बोलतात आणि त्याला आपल्या संघात येण्याची गळ घालतात. आई विचारते, अभ्यासाचे काय? मुलगा मात्र मनात दुसराच हिशेब करीत असतो: यांच्या खेळात माझ्या वाट्याला चेंडू किती येणार, आणि पुढे धंदेवाईक संघ मला घेतील काय?

या गोष्टीचा एक जुना धागा कॅथलिकांच्या अंगणातूनच जातो. इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठ १८४२ साली होली क्रॉस धर्मसंघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी स्थापन केले. १९१३ पर्यंत खेळाच्या जगात त्याला फारसे कोणी विचारीत नव्हते. चेंडू पुढे फेकण्याची मुभा नियमांनी १९०६ सालीच दिली होती. तथापि मोठे संघ धक्काबुक्कीच्या जुन्याच खेळावर विसंबून होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंट येथे सैनिकी अकादमीच्या बलाढ्य संघापुढे नोटर डेमचा गस डोरे चेंडू लांब फेकू लागला आणि न्यूट रॉक्नी व त्याचे सोबती धावत जाऊन तो झेलू लागले. नोटर डेमने तो सामना ३५-१३ असा जिंकला आणि त्याचे नाव देशभर झाले.

हेच रॉक्नी १९१८ साली तेथे मुख्य प्रशिक्षक झाले. (नॉर्वेत जन्मलेले हे गृहस्थ मूळचे लूथरन, कॅथलिक पंथाचा स्वीकार त्यांनी १९२५ मध्ये केला.) त्यांचा खेळ चपळाईचा आणि चकव्याचा असल्यामुळे आडदांड गड्यांवाचून त्यांचे अडत नसे. १९२४ च्या त्यांच्या नामांकित संघात चेंडू घेऊन धावणारे चौघेही दीडशे ते एकशे पासष्ट पौंड वजनाचे, म्हणजे पंचाहत्तर किलोंच्या आतलेच होते. त्यांपैकी जिम क्राउली हा ग्रीन बे गावचा. शाळेत त्याला खेळ शिकविणारे करली लॅम्बो स्वतः रॉक्नींच्या हाताखाली खेळून आलेले होते. आम्हांस या दुव्याचे विशेष वाटते. शिष्य आपल्या गावी जाऊन गुरूचा खेळ शिकवितो आणि त्या खेळात मुरलेला मुलगा पुन्हा गुरूकडेच जातो. आयरिश, इटालियन, पोलिश वंशाच्या ज्या कामकरी कॅथलिकांनी त्या विद्यापीठाचे फाटकही कधी पाहिले नव्हते, त्यांनाही तो संघ आपला वाटू लागला. मग मुलांना तोटा कसला?

पण ज्याच्या पाठीशी असे नाव नाही, त्याने काय करावे? अटलांटा येथील जॉर्जिया टेक ही तंत्रशिक्षणाची नामवंत संस्था. अभ्यास कठीण आणि शेजारी धनाढ्य, फुटबॉलवेडी विद्यापीठे. २००८ साली पॉल जॉन्सन तेथे प्रशिक्षक म्हणून आले ते एक जुनी, बहुतेकांनी टाकून दिलेली धाटणी घेऊन. तिला ट्रिपल ऑप्शन म्हणतात. चेंडू प्रथम हाती घेणारा क्वार्टरबॅक प्रतिपक्षाच्या एका गड्याला मुद्दाम मोकळा सोडतो आणि तो कोणीकडे झुकतो ते पाहून क्षणार्धात ठरवितो: चेंडू मधल्या गड्याला द्यावा, स्वतः घेऊन पळावे, की बाजूने धावणाऱ्याकडे टाकावा. चेंडू लांब फेकण्याचे प्रसंग फार थोडे.

यातली मेख भरतीत आहे. लांब फेकणारा उंचापुरा क्वार्टरबॅक साऱ्यांनाच हवा असतो. त्याच्या दारी रीघ लागते. जॉन्सन यांना हवा होता तो चपळ, थंड डोक्याचा मुलगा. जस्टिन थॉमस हा अलाबामा राज्यातला असाच मुलगा. अलाबामा विद्यापीठासारख्या अग्रगण्य संघाला तो हवा होता, पण क्वार्टरबॅक म्हणून नव्हे. त्याने अटलांटा पसंत केले आणि त्याच्याच नेतृत्वाखाली जॉर्जिया टेकने ३१ डिसेंबर २०१४ रोजी ऑरेंज बोल सामन्यात मिसिसिपी स्टेटचा ४९-३४ असा पराभव केला.

परंतु जी धाटणी एकाला बोलावते तीच दुसऱ्याला परत पाठवते. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांना मुलांच्या कानी घालायला आयतेच मिळाले: तेथे गेलास तर चेंडू झेलायला मिळणार नाही, बचावात खेळशील तर रोजच्या सरावात फेकीचा खेळ दिसणार नाही, धंदेवाईक संघ तुला विचारणार नाहीत. आमच्या मते हे अर्धसत्य होय. त्याच संघातील डिमेरियस थॉमस याने २००९ च्या हंगामात केवळ ४६ झेल घेतले, पण त्यांतून १,१५४ यार्ड मिळविले, आणि पुढच्याच वर्षी धंदेवाईक संघांच्या निवडीत तो पहिल्या फेरीत, बाविसावा निवडला गेला. मात्र त्याला तेथे आणले होते जॉन्सन यांच्या पूर्वीच्या प्रशिक्षकांनी, हेही नमूद केले पाहिजे. क्वार्टरबॅकच्या बाबतीत तर ती कुजबुज बरीचशी खरी होती. नौदल अकादमीच्या कीनन रेनॉल्ड्सने याच धाटणीत ८८ वेळा धावत जाऊन गोल करण्याचा विक्रम केला. तरी २०१६ साली धंदेवाईक संघाने त्याला घेतले ते सहाव्या फेरीत, आणि तेही चेंडू झेलणारा म्हणून.

याहून मोठे नुकसान पुढे दिसले. २०१८ च्या हंगामानंतर जॉन्सन निवृत्त झाले आणि नव्या प्रशिक्षकांनी प्रचलित, फेकीचा खेळ आणला. घरचे सारे सामान मात्र जुन्या खेळासाठी भरलेले! त्या काळी विद्यापीठाला ८५ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती. दोन धाटण्यांची मुले एकाच वेळी कशी बाळगणार? टाइट एंड नावाची जागा जुन्या खेळात नव्हतीच, त्यामुळे त्या जागेची मुलेही नव्हती. फळीतील गडी झडप घालण्यात तरबेज होते, पण फेकणाऱ्याच्या भोवती भिंत धरून उभे राहणे त्यांना शिकविलेले नव्हते. २०१९ मध्ये संघाने तीन सामने जिंकले, नऊ गमावले. ज्या मुलांनी एका प्रशिक्षकाच्या शब्दावर घर सोडले होते, त्यांचा यात काय अपराध? २०२१ पासून खेळाडूला वर्ष वाया न घालवता एकदा विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाली, हे आम्हांस न्यायाचे वाटते, जरी त्यामुळे प्रशिक्षकांची झोप उडाली.

ही धाटणी आज मुख्यत्वे सैनिकी अकादम्यांनी जतन केली आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. तेथे खेळाडूंसाठी वेगळी शिष्यवृत्ती नसते. शिक्षण सर्वांनाच मोफत, पण पदवीनंतर किमान पाच वर्षे सैन्यात सेवा करावी लागते. धंदेवाईक खेळाचे स्वप्न पाहणारा मुलगा तिकडे सहसा वळत नाही. शिवाय अधिकारी व्हायचे तर अंगाने सडसडीत असावे लागते, तेव्हा तीनशे पौंडांचे पहाड आणायचे कोठून? म्हणून हलक्या, शिस्तीच्या मुलांना जमेल असाच खेळ त्यांनी निवडला. २०२२ साली नियमांनी कमरेखाली झेप घेऊन अडविण्यावर निर्बंध घातले, तेव्हा या खेळाचा एक हातच बांधला गेला. भूदलाच्या संघाचे प्रशिक्षक जेफ मंकन पूर्वी जॉन्सन यांचेच सहायक होते. त्यांनी २०२३ मध्ये निराळी धाटणी करून पाहिली. सहा जिंकले, सहा हरले. २०२४ मध्ये ते आपल्या धावत्या खेळाकडे परतले. त्या वर्षी संघाने बारा सामने जिंकले, दोनच गमावले, आणि देशातील सर्वोत्तम फळीस दिला जाणारा जो मूर पुरस्कार ज्यांना मोठ्या विद्यापीठांनी फारसे विचारलेही नव्हते अशा मुलांच्या फळीला मिळाला.