तळ्याचे पाणी आणि चित्ताचा मळ

शुद्ध मन, शुद्ध हृदय, शुद्ध अंतःकरण हे शब्द आपल्याकडे इतक्या सैलपणे वापरले जातात की, त्यांच्यामागे दोन परस्परविरोधी मूल्यव्यवस्था उभ्या आहेत याचे भान राहत नाही. एका व्यवस्थेत विटाळ बाहेरून येतो. स्पर्शाने, सावलीने, पाण्याने. दुसरीत मळ आतच साचतो.

पहिलीचा अर्थ महाडला उघड झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. ज्या पाण्याला गुरांचे तोंड चालत होते ते माणसांच्या ओंजळीने बाटले! मग मंत्रघोषात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात गेल्या व पाणी शुद्ध झाले असे ठरले. परतणाऱ्या सत्याग्रहींना मारहाण झाली, रक्त सांडले. त्याच्या शुद्धीसाठी मात्र एकही घागर आली नाही. मारणाऱ्यांचे मन त्यांना खात होते असे मानायला फारसा आधार नाही. त्यांच्या लेखी त्यांनी धर्मच राखला होता. सदसद्विवेकबुद्धीलाही रूढीच वळण लावते, आणि रूढीने घडवलेला आतला आवाज रूढीचीच बाजू घेतो.

दुसऱ्या व्यवस्थेसाठी मज्झिमनिकायातील वत्थूपम सुत्त पाहावे. मळक्या वस्त्रावर रंग नीट चढत नाही, तसे मलिन चित्ताचे होते, असा त्यातला दृष्टांत. पुढे चित्ताचे सोळा मळ मोजले आहेत. लोभ, क्रोध, मत्सर हे कोणत्याही धर्मग्रंथात सापडतील. पण या यादीत मान आणि अतिमानही आहेत, म्हणजे स्वतःला थोर व दुसऱ्याला हीन लेखणे. ज्या अहंकारावर सोवळे उभे आहे तोच इथे घाण ठरतो. त्याच सुत्तात सुंदरिक भारद्वाज हा ब्राह्मण बुद्धाला विचारतो, बाहुका नदीवर स्नानाला येणार का? बुद्ध त्याला खोटे न बोलण्यात, हिंसा न करण्यात, न दिलेले न घेण्यात स्नान करायला सांगतात. शुद्धी अशी आचरणात मोजली जाते.

म्हणूनच ‘आमच्या मनात जात नाही’ हे वाक्य ऐकून समाधान मानता येत नाही. भाडेकरूचे आडनाव विचारताना मन कुठे असते? अस्पृश्यताविरोधी संघाचे चिटणीस अ. वि. ठक्कर यांना नोव्हेंबर १९३२ मध्ये लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी हा प्रश्न फार स्पष्टपणे मांडला. स्पृश्य हिंदू आपण होऊन विचार करणार नाही. त्याच्या नेहमीच्या वागण्यालाच धक्का देऊन पेच उभा करावा लागेल, हा त्यांचा आग्रह होता. हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसणाऱ्यांना तो रुचणे कठीणच होते. महाडचा न्यायालयीन निकालही १९३७ पर्यंत लांबला. तोवर कुणाच्या हृदयाने तळे खुले केले नव्हते.

आणि हा अतिमान एकाच आळीत राहतो असेही नाही. रोज बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातही सोयरीक ठरवताना पोटजात विचारली जाते. मांगाचा किंवा ढोराचा मुलगा म्हटला की बैठक चहावरच आटोपते.