घर दिल्लीत, जीव विदर्भात

१ जानेवारी २०१८, सोमवार. नोएडातल्या आमच्या सोसायटीतली माणसे आदल्या रात्रीच्या नाचगाण्याने दमून उशिरापर्यंत रजईत गुरफटलेली होती. खिडकीबाहेर दाट धुके. आमच्या दिवाणखान्यात मात्र कानटोपी, मफलर, पायांत लोकरीचे मोजे अशा जामानिम्यात माझे वडील सकाळी नऊपासून टीव्हीसमोर हजर होते. त्यांच्यापासून एक खुर्ची सोडून त्यांचा बारा वर्षांचा नातू बसला होता. मधली खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली. गेले तीन दिवस घरात आजोबा आणि नातू अशी सरळसरळ फाळणी झाली होती. आजोबा विदर्भाचे, नातू दिल्लीचा!

इंदूरच्या होळकर स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता, दिल्ली विरुद्ध विदर्भ. दिल्लीने तोवर हा करंडक सात वेळा जिंकलेला. संघात गौतम गंभीर, कर्णधारपदी ऋषभ पंत. आणि विदर्भ? १९५७-५८ पासून स्पर्धेत खेळत असूनही त्याने अंतिम सामन्याचे तोंडच प्रथम पाहिले होते.

मला स्वतःला क्रिकेटातले फारसे कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. पण नागपूरच्या ज्या घरात मी वाढले तिथे क्रिकेट टाळणे शक्य नव्हते. बाबांची सरकारी कचेरी सिव्हिल लाइन्समध्ये आणि विदर्भ क्रिकेट संघटनेचे जुने मैदानही तिथेच. हिवाळ्यात रणजीचा सामना असला की त्यांचा जेवणाचा डबा कचेरीत कमी आणि मैदानावर जास्त उघडला जायचा. आई म्हणायची, पाहुणे येतात, दोन दिवस धुलाई करतात, सावजी रस्सा ओरपतात आणि जिंकून गाडीत बसतात. यात पाहायचे काय? बाबा हसायचे. सकाळी पेपर आला की ते आधी शेवटून दुसऱ्या पानावरची ती बारीक टाइपातली धावसंख्या शोधायचे. मोठ्या संघांच्या बातमीला मथळा असे, विदर्भाच्या वाट्याला दोन ओळी.

विदर्भाचा खेळाडू कसोटीत खेळलेला पाहायला २०११ साल उजाडावे लागले. नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव हा तो पहिला. तसे पाहिले तर भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू हे जन्माने नागपूरचेच. पण रणजी करंडक त्यांनी जिंकला तो इंदूरच्या होळकर संघाकडून. त्याच होळकरांच्या नावाच्या मैदानावर आता विदर्भ उतरला होता. हा योगायोग बाबांनी त्या चार दिवसांत घरी येईल त्याला ऐकवला. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, कोणालाही सोडले नाही.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे नोएडाला राहायला आले. इथली थंडी त्यांना मानवत नाही, संत्री आवडत नाहीत, भाजीवाल्याशी बोलण्यापुरती हिंदी येते, पण ती नागपुरी वळणाची. नव्या शहरात म्हाताऱ्या माणसाचे स्वतःचे असे काय उरते? बाबांजवळ विदर्भाचा संघ होता. तो हरत असे, पण होता.

पाच धावांचा तो गुरुवार

खरी धडधड सुरू झाली ती उपान्त्य सामन्यापासून. उपान्त्यपूर्व फेरीत सुरतला विदर्भाने केरळचा ४१२ धावांनी फडशा पाडला, तेव्हा बाबांनी फक्त 'बरं झालं' म्हटले. पुढे कर्नाटक होते. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विदर्भ १८५ धावांत आटोपला, उलट करुण नायरने एकट्याने १५३ धावा काढल्या. बाबांनी नेहमीच्या सवयीने मन घट्ट केले. पण दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा जमवल्या आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे आव्हान उभे राहिले. चौथ्या दिवसअखेर कर्नाटकाचे सात गडी १११ धावांत परतले होते.

२१ डिसेंबरला गुरुवार होता. मी ऑफिसात. बाबांचा पहिला फोन आला, 'अजून दोन पाहिजेत.' दुसरा आला, 'हे लोक मारून राहिले ना वं.' मग बराच वेळ फोनच नाही. बैठकीत माझे लक्ष लागेना. बाबांचे वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली होती की नाही तेही आठवेना. शेवटी मीच फोन लावला. पलीकडून काही क्षण नुसता श्वासाचा आवाज आला, मग एक वाक्य, 'पाच रनांनी.' एवढेच. त्या दिवशी कर्नाटक १९२ धावांत बाद झाले होते आणि रजनीश गुरबानी या वेगवान गोलंदाजाने ६८ धावांत सात बळी घेतले होते. हा मुलगा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेला आहे, हे कळल्यावर तर बाबांच्या दृष्टीने तो घरातलाच झाला. नागपुरात इंजिनीअर मुलाचे कौतुक काय असते, ते नागपूरकरांनाच ठाऊक!

घरातली फाळणी

अंतिम सामना २९ डिसेंबरला सुरू झाला. उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेलेला. कर्णधार फैझ फझलने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले, तेव्हा 'याला काही कळते का?' असे बाबाच म्हणाले. पहिल्या दिवशी दिल्लीच्या ध्रुव शोरीने शतक ठोकले. आमच्या चिरंजीवांनी घरभर नाच केला. मी त्याला दामटले, तर तो म्हणतो, 'पण आई, मी दिल्लीतच जन्मलो ना?' खरेच होते. त्याची शाळा इथली, मित्र इथले, भांडताना तोंडी येणारी भाषासुद्धा इथली. त्याला विदर्भ म्हणजे मे महिन्यातले पंधरा दिवस, कूलरची घरघर आणि आजीच्या हातचे सांडगे. कोणत्या अधिकाराने मी त्याला बाजू बदलायला सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुकर लावत होते आणि बाहेरून बाबांची हाक आली. गुरबानीने लागोपाठच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे त्रिफळे उडवले होते आणि षटक संपले होते. म्हणजे हॅट्‌ट्रिकसाठी मधले एक षटक थांबायचे! ते षटक आम्ही तिघांनी उभे राहून पाहिले. पुढच्या षटकाचा पहिलाच चेंडू, समोर १४५ धावांवरचा शोरी, आणि त्याचाही त्रिफळा. रणजीच्या अंतिम सामन्यात याआधी फक्त एकाने, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने, १९७२-७३ साली हॅट्‌ट्रिक केली होती. दिल्ली २९५ धावांत बाद. गुरबानीचे सहा बळी. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कोणीच मोजले नाही. त्या दिवशी आम्ही वरणाऐवजी पिठले खाल्ले.

३१ डिसेंबरची गंमत वेगळीच. त्या सकाळी दिल्लीची धावसंख्या गाठण्याआधीच विदर्भाचे सहा गडी परतले. नातू खुशीत. आता यष्टिरक्षक अक्षय वाडकर आणि आदित्य सरवटे खेळत होते, पुढे फलंदाजी फारशी नव्हती. पण ही जोडी हलेचना. दुपार झाली, खाली सोसायटीत मांडव पडला, ध्वनिक्षेपकाची तपासणी सुरू झाली, आणि वाडकरने आपले पहिले प्रथम श्रेणी शतक पूर्ण केले. सरवटे ७९ धावा काढून गेला, तर त्याच्या जागी सिद्धेश नेरळ आला आणि त्यानेही ७४ मारल्या. रात्री खाली सगळे नाचत होते आणि बाबा वर ठळक क्षणचित्रे पुन्हा पाहत होते. त्यांना खाली यायचा आग्रह केला तर म्हणाले, 'माझं नवीन वर्ष उद्या.'

आणि ते तसेच झाले. विदर्भाचा डाव ५४७ वर थांबला, २५२ धावांची आघाडी. दुसऱ्या डावात शोरी आणि नितीश राणा जमले तेव्हा बाबांनी दोनदा उठून उगीच पाणी प्यायले. पण दिल्ली २८० वर संपली. हव्या होत्या अवघ्या २९ धावा. एकोणचाळीस वर्षांचा वसीम जाफर मैदानात होता. मुंबईकडून आठ वेळा अंतिम सामना जिंकलेला हा माणूस कारकिर्दीच्या शेवटी विदर्भाकडे आला होता. त्याच्या चौकारांनी पाच षटकांत सारे आटोपले. नऊ गडी राखून विजय, तोही चार दिवसांत!

बाबा ओरडले नाहीत, रडले नाहीत. कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि नातवाकडे पाहून म्हणाले, 'तुमचा शोरी चांगला खेळला, बे.' नातू मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला.

आणखी काहींच्या आठवणी

पुढे या सामन्याचा विषय मी दिल्लीत जिथे जिथे काढला, तिथे कोणी ना कोणी विदर्भाचा निघालाच. करोलबागेला लागून असलेल्या राजेंद्रनगरात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मराठी मुले खोल्या घेऊन राहतात. यवतमाळच्या एकाने मला सांगितले की त्यांच्या मेसमध्ये सहा जणांत एकाच मोबाइलवर सामना चाले. विदर्भाची चारच मुले, बाकी पुण्याकडची. ती त्यांना चिडवत, 'तुमचा संघ आहे तरी का?' पहिल्या तारखेनंतर चिडवणे थांबले, असे तो सांगत होता. परीक्षेत त्याला यश आले नाही. तो आता गावी शिकवणी घेतो. दिल्लीतल्या दोन वर्षांतली चांगली आठवण विचारली, तर त्याने हीच काढली.

माझा मामेभाऊ नागपूरहून रात्रीच्या बसने इंदूरला गेला होता. त्याच्या बोलण्यात हॅट्‌ट्रिकपेक्षा सराफ्यातले खाणेच जास्त येते. पण प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचा विषय निघाला की तो गंभीर होतो. पंडित शिस्तीचे कडक. आपण हरायलाच आलो आहोत, ही जुनी सवय त्यांनी मोडली, असे त्याचे ठाम मत आहे. मला तेवढेच खरे वाटत नाही. २००९ पासून नागपुरात चालणाऱ्या निवासी अकादमीत मुले घडत होती, तेही धरले पाहिजे. पण चाहत्यांशी वाद कोण घालणार!

समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त बँक अधिकारी मूळचे दर्यागंजचे, म्हणजे फिरोजशहा कोटला मैदानाच्या उंबरठ्यावरचे. विजयाच्या दुसऱ्या दिवशी ते गजकचा डबा घेऊन बाबांना भेटायला आले आणि दीड तास बसले. त्यांनी १९८१-८२ च्या अंतिम सामन्याची कथा सांगितली. कर्नाटकाने ७०५ धावा केल्या होत्या, सगळ्यांनी दिल्लीची आशा सोडली होती, आणि दिल्लीने आठ गडी गमावून ७०७ करत करंडक नेला. बाबांनी त्यांना सी. के. नायडूंचा योगायोग ऐकवला. दोघांनाही एकमेकांची भाषा निम्मीच समजत होती. तेव्हापासून त्या दोघांचे संध्याकाळचे फिरणे बरोबर असते.

कोण कुठला?

पुढच्या वर्षी, २०१९ च्या फेब्रुवारीत, सौराष्ट्राला नागपुरात हरवून विदर्भाने करंडक राखला. त्याच महिन्यात इराणी करंडकही पुन्हा जिंकला आणि बक्षिसाची रक्कम पुलवामात हुतात्मा झालेल्या जवानांच्या कुटुंबांना दिली. बाबांना त्याचा अभिमान वाटला. पण आनंदाची जात सांगायची, तर त्या पहिल्या जानेवारीची सर नव्हती, असे तेच म्हणतात.

दरम्यान खेळाडूंनी मात्र मोठीच गंमत केली. ज्या ध्रुव शोरीच्या शतकाने आमच्या घरात भांडण लावले, तो दिल्ली सोडून विदर्भाकडून खेळू लागला. कोलकात्यात १५३ धावा काढून बाबांचे तोंड कडू करणारा करुण नायरही विदर्भात आला. उलट गुरबानी महाराष्ट्राच्या संघात गेला आणि सरवटे केरळात. बाबा वैतागून म्हणायचे, 'आता टाळ्या कोणासाठी वाजवायच्या?'

२०२५ च्या फेब्रुवारीअखेर नागपूरच्या जामठा मैदानावर पुन्हा अंतिम सामना लागला, विदर्भ विरुद्ध केरळ. केरळ इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत आले होते. माझा मुलगा आता दिल्ली विद्यापीठातल्या एका महाविद्यालयात शिकतो, वसतिगृहात राहतो. सुट्टी काढून तो आजोबांशेजारी बसायला घरी आला. या वेळी खुर्ची रिकामी ठेवली नाही.

विदर्भाच्या ३७९ धावांना उत्तर देताना केरळाकडून सरवटे खेळपट्टीवर टिकून बसला. चौकार गेला आणि बाबांनी टाळ्या वाजवल्या.

'आजोबा, तो आता त्यांचा आहे!'

'माहीत आहे.'

सरवटे ७९ धावांवर बाद झाला, इंदूरला केल्या होत्या अगदी तेवढ्याच. बाबा पुन्हा टाळ्या वाजवत होते. विदर्भाला पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी मिळाली, दुसऱ्या डावात करुण नायरने १३५ धावा काढल्या, आणि २ मार्चला सामना अनिर्णित राहून आघाडीच्या जोरावर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. अक्षय वाडकर, आता कर्णधार, तो उंचावत असताना बाबांनी नातवाला विचारले, 'त्या केरळच्या पोट्ट्यांना दाखवून राहिले का कुठं?' कॅमेरा विजेत्यांवरच होता. नातवाने रिमोट घेतला आणि दुसऱ्या वाहिनीवर काही सापडते का ते शोधू लागला.